मुंगीचा शोध: आधी रेखाटन की आधी माती?

बालवर्गात मुंगी कशी असते याचा मुलांनी शोध घ्यायचा ठरला, की हातात पेन द्यायचं की माती, हे आधी ठरवावं लागतं. साधन बदललं की मुलांना पडणारे प्रश्नही बदलतात. तयार आकार चिकटवण्याची हस्तकला या तुलनेत धरलेलीच नाही. तिच्यात पाय किती आणि कुठे हे मोठ्यांनीच ठरवलेलं असतं, मुलाला शोधायला काही उरत नाही.

रेखाटन. बारीक टोकाचं काळं पेन, ए-४ च्या अर्ध्या आकाराचा कागद, टेबलाशी चार-पाच मुलं, मधोमध पारदर्शक डबीत मुंगी आणि भिंग. जाड खडू नको, त्याच्या रेघेत सांधे बुजतात. खोडरबरही नको, आधीची रेघ दिसत राहिली तर मुलाचा विचार कसा बदलला ते कळतं. पुष्कळ मुलं पोटाला ओळीने आठ-दहा पाय काढतात. तिथे ‘चुकलं’ म्हणू नये. ‘हा पाय कुठून निघतो?’ एवढंच विचारावं आणि भिंग पुढे करावं. सहाही पाय मधल्या भागातून निघतात हे मुलाला स्वतःलाच दिसायला हवं. दोन दिवसांनी नवा कागद द्यावा आणि दोन्ही चित्रं शेजारी लावावीत. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह, मागे लिहावेत. वेळ १५-२० मिनिटं. वारुळातल्या बोगद्यांसारखं डोळ्यांना न दिसणारंही चित्रात काढता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू.

माती. प्रत्येकाला साधारण ४०० ग्रॅम चिकणमाती आणि एक फळी. पाण्याची वाटी ठेवली की थोड्याच वेळात चिखल होतो, म्हणून ओला स्पंज द्यावा. मातीची मुंगी उभी राहायला हवी, आणि ती राहत नाही! बारीक पाय भाराने वाकतात, जाड केले तर मुंगीचा हत्ती होतो. मग खरी मुंगी एवढ्याशा पायांवर उभी कशी राहते? कागदावर हा प्रश्न सहसा पडत नाही.

नुसता दाबून चिकटवलेला पाय वाळल्यावर गळतो. दोन्ही बाजूंना ओरखडे काढून, पातळ माती लावून जोडावा. तरीही बारीक भाग लवकर वाळून आकसतो आणि सांध्याला तडा जातो. त्यामुळे अपुरं काम ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. सांडलेली सुकी माती झाडू नये, तिची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ओल्या फडक्याने पुसावी. आवराआवर धरून ४० मिनिटं लागतात.

तीन वर्षांच्या मुलांना आधी माती द्यावी. त्यांची रेघ अजून वस्तूशी नीट जुळलेली नसते. चार वर्षांपुढे चित्र, मग माती, मग पुन्हा चित्र, असा क्रम आम्हाला सर्वांत पटतो. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांत (पहिली नगरपालिकेची बालशाळा १९६३ ची) एकच कल्पना अशी माध्यमामाध्यमांतून फिरवतात. मातीनंतरच्या चित्रात पायांचे सांधे आणि जाडी याकडे मुलं जास्त लक्ष देऊ लागतात.

तासिका २० मिनिटांचीच असेल, किंवा काम दुसऱ्या दिवसापर्यंत ओलं ठेवायला जागा नसेल, तर रेखाटनच घ्यावं. अर्धी झालेली मुंगी मोडून पुन्हा गोळा करायला लावण्यापेक्षा ते बरं.