बेळगावच्या टिळकवाडीतला पायथनचा (प्रोग्रामिंग भाषेचा) बिगिनर क्लास कसा आहे

मराठी मिडियममधनं दहावी करून पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलेल्या पोरांनी हा क्लास नक्की लावा. मॅडम मराठीत शिकवतात, मग बॅचमधल्या कन्नड पोरांना तेच परत कन्नडमध्ये सांगतात, त्यामुळं दोनदा कानावर पडतं आणि पक्कं बसतं.

लिनियर सर्च, म्हणजे लिस्टमध्ये एकेक करून शोधणं, तर इतकं भारी शिकवलं की त्याबद्दलच लिहितोय. हायवेवरच्या गावांची लिस्ट केली, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर, आणि म्हणाल्या कागल शोधा. फॉर लूप (तेच काम परत परत करणारा कोड) लावायचा, इंडेक्स, म्हणजे लिस्टमधला जागेचा नंबर, 0 पासनं एकेक गाव बघत जायचं, इफमध्ये डबल इक्वल टूनं तुलना करायची, जुळलं की तो इंडेक्स रिटर्न. कागल 3 वर मिळालं. एका पोरानं 'सापडलं नाही' वालं रिटर्न इफच्या एल्समध्येच टाकलं होतं, मग काय, बेळगाव जुळलं नाही की फंक्शन तिथंच संपलं, पुढची गावं बघितलीच नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत, प्रत्येक फेरीत इंडेक्स प्रिंट करून बघ म्हणाल्या, मग त्याचं त्यालाच कळलं की ती ओळ लूप संपल्यावर, फॉरच्या सरळ रेषेत पाहिजे.

आणि हे बघा, न सापडल्यावर मायनस वन रिटर्न करा असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मॅडमनी तसंच करून चिकोडी शोधायला लावलं, ते काय या हायवेवर नाही, आणि आलेला इंडेक्स तसाच लिस्टला देऊन गाव प्रिंट करा म्हणाल्या. आलं कोल्हापूर! पायथनमध्ये मायनस वन म्हणजे लिस्टमधला शेवटचा, म्हणून एररसुद्धा येत नाही, चुकीचं उत्तर गुपचूप मिळतं. त्यापेक्षा नन (None, म्हणजे 'काहीच नाही') रिटर्न करायचं. तपासताना पण नुसतं इफ इंडेक्स लिहायचं नाही, इज नॉट नन लिहायचं, कारण बेळगाव 0 वर आहे आणि इफमध्ये 0 म्हणजे फॉल्स, मग बेळगाव सापडून पण नाही म्हणणार. हे असं कोणी समजावून सांगत नाही ओ.

शोधायची पायथनमधली आयती सोय, इन ऑपरेटर आणि इंडेक्स मेथड, शेवटी दाखवली, आधी लूप हातानं लिहायला लावला, ते मला पटलं. 1000 नावांत वाईटात वाईट 1000 तुलना, बायनरी सर्चला (दरवेळी लिस्ट अर्धी करत शोधायला) 10 पुरतात पण लिस्ट सॉर्ट केलेली पाहिजे, एवढं थोडक्यात सांगितलं.

दोघांत एक कॉम्प्युटर आहे, ते बदलायला पाहिजे, एक जण टाइप करतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. नोट्स पण फक्त इंग्लिशमध्ये, मराठीत दिल्या तर लई पोरांचं काम होईल. संध्याकाळची बॅच उशिरा सुटते, म्हणून खानापूर, जांबोटीकडच्यांनी सकाळची घ्या, आणि जागा आहे काय ते आधी विचारा, ती लवकर भरते.