आठ आणे जमीन: ओवळ्याच्या भाड्याच्या वाफ्यावर अकरा महिने

शिराळ्याचं फूल संध्याकाळी पाचच्या सुमारास उमलतं, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आयुष्यभर शिराळी सोलली, शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी केली, पण त्या वेलाचं फूल कुठल्या वेळी उघडतं हा प्रश्नच कधी पडला नव्हता. आता साडेतीनला ड्युटी संपली की मी घरी न जाता थेट ओवळ्याला जाते, कारण पाचला तिथे असायचं असतं.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. राहते मानपाड्याला, सातव्या मजल्यावर. गेल्या दसऱ्यानंतर घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, ओवळ्याच्या एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीत भाजीसाठी वाफा भाड्याने घेतला. बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणींनी “घ्यावा का?” असं विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. जागेचं नाव देत नाही. सगळे मिळून चौदाच वाफे आहेत, आणि ज्यांना आम्ही तात्या म्हणतो त्या मालकांना फोनवरची गर्दी नको आहे. पण गावात येऊन जो विचारेल त्याच्याशी ते नीट बोलतात.

भाडं महिना १,५०० रुपये, सहा महिन्यांचं आगाऊ. त्यात अर्धा गुंठा जमीन, बोअरिंगचं पाणी, हंगामाला दोनदा कुजलेलं शेणखत, आणि पडवीत ठेवलेली अवजारं: कुदळ, फावडं, खुरपी, घमेली. बी, बांबू, सुतळी आपलं आपण आणायचं. तात्या या तुकड्याला “आठ आणे” म्हणतात. मला वाटलं भाड्याचं काही बोलतायत. मग कळलं, गुंठ्याचे सोळा आणे, म्हणून अर्ध्या गुंठ्याचे आठ.

माझी मावसबहीण लेस्टरला असते. इंग्लंडात भाजी लावायला असे तुकडे नगरपालिकेकडूनच भाड्याने मिळतात. मागणी असेल तर ती जमीन पुरवणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य आहे, त्यासाठी १९०८ चा कायदा आहे. तिचा तुकडा ‘दहा रॉड’चा. रॉड म्हणजे काय म्हणून शोधलं, तर साडेसोळा फूट. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोब्बर दोन रॉड बाय दोन रॉड! तिचे दहा रॉड म्हणजे नेमके अडीच गुंठे. दोन देशांतल्या आम्हा दोघींची जमीन एकाच मापात बसते याचा मला इतका आनंद झाला की मी तिला रात्री अकराला फोन केला. तिच्या वाट्याला माझ्या पाचपट जमीन आहे, पण आमच्या गप्पा आता बरोबरीने चालतात. तिच्याकडे गोगलगाई, माझ्याकडे माकडं.

आता मूळ मुद्दा. याच्या आधी मी एका दुसऱ्या ठिकाणी, पनवेलच्या बाजूला, वर्षाचे पैसे भरले होते. तिथे वाफ्यावर तुमच्या नावाची पाटी असते, लावणी-पाणी त्यांची माणसं करतात, दर शनिवारी फोटो येतो आणि भाजीची पिशवी दाराशी. भाजी वाईट नव्हती. पण वर्षभरात मी तिथे दोनदा गेले, आणि वर्ष संपल्यावर मला पूर्वीइतकंच येत होतं, म्हणजे काहीच नाही. तात्यांकडे कोणी तुमच्यासाठी काही करत नाही. विचारलं तर सांगतात, न विचारता बोलत नाहीत, आणि हाताला माती लागल्याशिवाय तुमचा वाफा हिरवा होत नाही. या जागेची सगळी किंमत माझ्या लेखी यात आहे.

पहिल्या महिन्यात मी पालेभाज्या लावल्या. मेथी, लाल माठ, पालक, मुळा, कोथिंबीर. कोथिंबीर आठ दिवस झाले तरी वर येईना. तात्यांनी पाकिटातले चार धणे तळहातावर घेऊन चपलेखाली रगडून दाखवले. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या असतात, त्या फाकून पेरायच्या. पुन्हा पेरली, दहाव्या-बाराव्या दिवशी उगवली. मेथी महिन्याच्या आत खुडायला आली. पहिली जुडी घरी नेली तेव्हा मुळांना ओली माती होती. मुलगा म्हणाला, “आई, हिला वास येतोय!” बाजारच्या मेथीलाही वास असतो. पण खुडल्यापासून तासाभरात चिरलेल्या मेथीचा वास सगळ्या घरात फिरतो, तो बाजारच्या जुडीत उरलेला नसतो.

हिवाळा तर सोपाच गेला. टोमॅटो, वांगी, मिरची, आणि मध्ये मध्ये झेंडू. झेंडू मी शोभेसाठी लावला होता. तात्यांनी सांगितलं की तो राहू दे, जमिनीतल्या सूत्रकृमींना त्याची मुळं आवडत नाहीत आणि टोमॅटोच्या मुळांना गाठी कमी येतात. नंतर कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतही तेच वाचलं. भेंडीसाठी ‘परभणी क्रांती’ घेतली, कारण हळद्या रोगाला ती चांगली टिकते. पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागतात तो हा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि एकदा लागला की ते झाड उपटण्यावाचून इलाज नाही. माझ्या शेजारच्या वाफ्यात कुठलंसं साधं बी होतं. त्या काकांची निम्मी भेंडी गेली, माझी दोन झाडं गेली.

बियांबद्दल एक सांगायलाच हवं. एका दुकानातून मी चवळीचं छान छापील पाकीट आणलं, त्यातलं जवळजवळ काहीच उगवलं नाही. आता कुठलंही बी आणलं की आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. सात-आठ दाण्यांना मोड आले तर पेरते, नाहीतर परत. पावसाळी वेलांचं बी मात्र दापोलीचं मिळवलं, नणंदेचे यजमान तिकडे असतात म्हणून. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, आणि आपल्या पावसात, आपल्या दमट हवेत निवडलेले वाण त्यांच्याकडे आहेत. शिराळ्याचा ‘कोकण हरिता’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’, कारल्याचा ‘कोकण तारा’. ठाण्याच्या हवेत लावायचं तर कोकणात निवडलेलं बी घ्यावं, एवढा साधा विचार मला आधी सुचला नव्हता.

पावसाळ्याने मात्र शिकवलं. तात्यांनी मे अखेरीस सांगितलं होतं, “ताई, वाफे उंच कर. पाणी उभं राहिलं तर मूळ सडतं.” मी वेलांचे वाफे फूटभर उंच केले, चर काढले. मिरचीचा वाफा सपाटच ठेवला, कारण झाडं मोठी होती, फुलं होती, हलवायला जीव होईना. जुलैमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी गेले तर मिरच्या माना टाकून उभ्या, आणि जमीन ओलीचिंब. पाण्यात उभं झाड तहानल्यासारखं सुकतं, कारण मुळांना हवा मिळत नाही आणि ती पाणी ओढू शकत नाहीत. बारा झाडं गेली. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. तात्या काही बोलले नाहीत, शेजारी बसून माझ्याबरोबर ती उपटू लागले.

आणि मग वेल आले. हे सांगताना मला थांबवत नाही.

काकडीवर्गातल्या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं फळ आधीपासूनच असतं, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीला वेलावर नर फुलंच येतात, आणि नवखी माणसं “फुलं येतात पण फळ धरत नाही” म्हणून हवालदिल होतात. मीही झाले. मग मादी फुलं आली तरी पावसात मधमाश्या फिरकत नव्हत्या, आणि ती इवली फळं पिवळी पडून गळत होती. तेव्हा मी हाताने परागण करायला शिकले. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पराग मादी फुलाच्या तोंडावर हलकेच टेकवायचा. एवढंच. पण प्रत्येक वेलाची वेळ वेगळी. कारली आणि काकडी सकाळची, म्हणून ती रविवारी. शिराळं पाचच्या सुमारास. दुधीचं पांढरं फूल त्याच्याही नंतर, दिवस कलल्यावर उघडतं, कारण त्याच्याकडे यायची ती संध्याकाळचे पतंग. मी ज्या वेळी मोकळी होते त्याच वेळी शिराळं आणि दुधी उमलतात! परागण केलेल्या फुलाला मी लाल लोकर बांधते. दोन दिवसांनी लोकर बांधलेलं फळ हिरवंच राहिलेलं आणि किंचित लांबलेलं दिसलं, तेव्हा मी मांडवाखाली एकटीच मोठ्याने “धरलं!” म्हणाले.

कारल्यांवर फळमाशी येते. ती कोवळ्या फळात अंडी घालते, आणि मग कारलं एका बाजूला वाकडं होऊन वेळेआधी पिवळं पडतं. आम्ही चौदा वाफेवाल्यांनी मिळून ‘क्यू ल्यूर’चे कामगंध सापळे टांगले. त्यात नर माश्या अडकतात. एकट्याने एक सापळा लावून भागत नाही, सगळ्यांनी लावावे लागतात. कीडकं फळ मात्र खाली पडू न देता गोळा करून पिशवीत घट्ट बांधायचं, नाहीतर तीच अळी मातीत जाऊन पुन्हा माशी होऊन येते. माव्यासाठी निंबोळी अर्क पुरतो.

या जागेच्या उणिवाही सांगते. स्वच्छतागृह नाही, तात्यांच्या घरी जावं लागतं. घरची माणसं कधी नाही म्हणत नाहीत, पण बायकांसाठी सोय हवी. पावसात शेवटचा रस्ता इतका चिखलाचा होतो की स्कूटर बाहेरच लावावी लागते. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक मी सांगायला नको. वानरांचा कळप आला की काकड्यांचा नाश करून जातो. सगळ्यात मोठी अडचण मे महिन्याची. खाडी जवळ असल्याने बोअरिंगचं पाणी तेव्हा मचूळ होतं. पालक आणि बीट खारं पाणी सोसतात, फरसबी आणि घेवडा अजिबात नाही. मी एप्रिलमध्ये फरसबी लावली, पानांच्या कडा करपल्या. हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आणि मी तात्यांना तसं बोलूनही दाखवलं. आता ते नव्या माणसाला सांगतात.

पैसे वाचतात का, असं विचारत असाल तर नाही. पहिल्या सहा महिन्यांत भाडं ९,००० आणि बी-बांबू-सुतळीचे ३,२०० झाले. तेवढ्याची भाजी जांभळी नाक्याच्या मंडईत घेतली असती तर जास्त आली असती. स्वस्त भाजी हवी असेल तर मंडईतच जा, तिथेही उत्तम भाजी मिळते. इथे यायचं ते ती कशी येते हे बघायला. आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी देता येत नसतील तर घेऊ नका. वाफा तणाने भरतो आणि शेजारच्याला त्रास होतो.

माझ्या घरातही बदल झाला. सासूबाई अलिबागजवळच्या पोयनाडच्या. गेली वीस वर्षं ठाण्यात राहतात, पण फ्लॅटमध्ये त्यांचं मन कधी रमलं नव्हतं. जानेवारीत आमच्या वाफ्यातल्या वालाच्या शेंगा भरल्या, तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याबरोबर आल्या. बांधावर आपोआप उगवलेला भांबुर्डा, ही एक रानवनस्पती, त्यांनी लांबूनच ओळखला. तात्यांनी मडकं दिलं. त्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि ओवा, वरून पुन्हा पाला, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. पोपटी, म्हणजे अशा मडक्यात भाजलेल्या शेंगा, किती वेळ ठेवायची हे त्यांनी घड्याळ न बघता, मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून आवाजावरून ठरवलं. चौदा वाफ्यांवरची माणसं गोल करून बसली आणि शेंगा सोलून खाल्ल्या. सासूबाई त्या रात्री माझ्याशी त्यांच्या आईबद्दल बोलल्या, लग्नानंतर पहिल्यांदा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा स्वच्छतागृहासाठी राखून ठेवलाय, आणि तात्यांनी दिवाळीपर्यंत बांधतो म्हटलंय.

येत्या दसऱ्याला दोन वाफे मोकळे होणार आहेत. एक विहिरीकडचा आहे, त्यावर दुपारनंतर आंब्याची सावली येते. पालेभाजीला चालेल, वांग्या-टोमॅटोला नाही. दुसरा माझ्या शेजारचा, तो घ्या. मी माझ्या वाफ्यात पूर्वेकडच्या चार ओळी रिकाम्या ठेवल्यात. पोयनाडहून कडव्या वालाचं बी आलंय, सासूबाईंनी ते राख लावून बरणीत भरलंय, आणि जमिनीतली ओल उडायच्या आत टोकायचं म्हणून त्या मला रोज विचारतात, “तात्यांचं भात कापून झालं का गं?”