आईची स्ट्रेस थॅलियम टेस्ट: पुण्यातल्या एका सेंटरचा अनुभव

आईला जिना चढताना छातीत भरून यायचं, ईसीजी नॉर्मल, टूडी एकोपण ठीक, मग डॉक्टर म्हणाले लगेच अँजिओग्राफी नको, आधी थॅलियम करून बघू. खाजगी सेंटरला गेलो, नाव टाकत नाही कारण एक तक्रारपण आहे, पण टेस्ट खरंच कामाची आहे.

थॅलियम म्हणतात पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमच देतात. दोन्ही किरणोत्सर्गी (रेडिओअ‍ॅक्टिव्ह) पदार्थ, पण टेक्नेशियमची किरणं 6 तासांत निम्मी होतात, थॅलियमला 73 तास लागतात. इंजेक्शनमधलं औषध रक्तासोबत हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं, जिथे रक्त कमी पोचतं तिथे कमी बसतं आणि ही किरणं टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यात ते दिसतं. एकदा हृदयावर ताण देऊन आणि एकदा आरामात, असे दोन स्कॅन. ताणात कमी आणि आरामात भरलेलं दिसलं तर रक्त कमी पडतंय पण स्नायू जिवंत आहे, दोन्हीत रिकामं असेल तर बहुतेक जुन्या अटॅकचा व्रण. अँजिओग्राफीत ब्लॉक किती टक्के ते कळतं, पण त्या ब्लॉकमुळे स्नायू उपाशी राहतोय का ते इथे कळतं, म्हणून मला ही टेस्ट आधी करणं पटलं.

आईचे गुडघे दुखतात, ट्रेडमिल शक्यच नव्हतं, म्हणून ताणासाठी अ‍ॅडेनोसिन दिलं, म्हणजे चालायला न लावता हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध. छाती जड झाली, चेहरा तापला, ती घाबरली, पण टेक्निशियन मुलगी हात धरून उभी होती, "काकू, औषध थांबवलं की लगेच जाईल हे" म्हणाली आणि तसंच झालं. डॉक्टर पूर्ण वेळ तिथेच होते. या स्टाफला पैकीच्या पैकी मार्क. दमा असेल तर मात्र आधीच सांगा, मग हे औषध सहसा देत नाहीत.

आता तक्रार. अपॉइंटमेंट देताना फोनवर फक्त "उपाशी या" सांगितलं, चहा-कॉफी 24 तास बंद हे सांगितलंच नाही! चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरात असेल तर अ‍ॅडेनोसिनचा परिणाम नीट होत नाही. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं म्हणून आम्ही वाचलो, आमच्या पुढचे आजोबा सासवडहून आले होते, सकाळी चहा घेतला म्हणून परत पाठवलं, त्या वयात किती हाल ते. एक मेसेज पाठवायला काय लागतं?

दोन स्कॅनमध्ये काही तास जातात, एसी कडक असतो, शाल न्या. इंजेक्शननंतर काही वेळ रुग्णाच्या अंगातून थोडी किरणं बाहेर पडतात, म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत बसवतात, त्यामुळे लहान मुलं आणि गरोदर बायकांना सोबत नेऊ नका. स्कॅनमध्ये हात डोक्यावर धरून पंधरा-वीस मिनिटं न हलता पडायचं, खांदा दुखत असेल तर आधी सांगा.

रिपोर्टमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीत थोडा भाग ताणात कमी, आरामात भरलेला निघाला, सध्या गोळ्या चालू केल्यात. रिपोर्टसोबत फोटोंची सीडी मागून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला लागते, आम्हाला मागितल्यावरच दिली.