केस ट्रिमर घेताना कटर नंतर बघा, पकड आधी बघा

केस ट्रिमर म्हणजे वापरलेल्या काडतुसाची पितळी नळी, म्हणजे केस, मापात कापणारं यंत्र. त्याच्या जाहिरातीत दोनच आकडे ठळक छापलेले असतात: तासाला किती केसेस होतात आणि अचूकता किती थाऊची आहे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तीन वेगवेगळ्या धाटणीचे ट्रिमर काही महिने आलटून पालटून वापरल्यावर या दोन्ही आकड्यांवरचा माझा विश्वास उडालाय. खरे प्रश्न दोनच. ट्रिमर केसला कुठे धरतो, बुडाला की खांद्याला (जिथे केस निमुळती होऊन नेक, म्हणजे मान, सुरू होते)? आणि कापून झाल्यावर तुमच्या हातात किती काम शिल्लक राहतं? पुढे जे लिहिलंय ते .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर या दोन कॅलिबरच्या अनुभवावर आहे, आणि घरी रीलोडिंग (वापरलेल्या केसेस पुन्हा भरणं) करायला कायद्याने मुभा असलेल्यांसाठी आहे.

ट्रिमिंग लागतंच का, हे थोडक्यात. केसचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटताना केस फुगून चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला टेकते. नंतर साइझिंग डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून आपण तिला पुन्हा मापात आणतो, तेव्हा दाबलेलं पितळ वाट मिळेल तिकडे, म्हणजे नेककडे सरकतं आणि केस लांब होते. सामी या काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मापाप्रमाणे .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, म्हणजे ४४.७० मिमी. कापायची १.७५० इंचावर. .३०८ ला हेच आकडे २.०१५ आणि २.००५ इंच. दोन्हीकडे हाताशी असतात फक्त दहा थाऊ. केस त्याहून वाढली की तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत रुततं आणि बुलेटला आवळून धरतं. बुलेट सुटायला उशीर, दाब वर. म्हणजे ही बाब नेमबाजी सुधारण्याच्या हौसेची नाही, सुरक्षिततेची आहे.

फक्त ९ मिमी पिस्तुलाच्या केसेस भरणाऱ्यांनी इथेच थांबून पैसे वाचवायला हरकत नाही. त्या केसेस सहसा वाढत नाहीत, उलट वापरून थोड्या आखूडच होतात. .३५७ मॅग्नमसारख्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांना रोल क्रिंप देत (केसचं तोंड आत वळवून बुलेट आवळत) असाल तर गोष्ट वेगळी. लांबी सारखी नसेल तर एका केसला क्रिंप घट्ट बसतो आणि दुसरीला नुसता टेकतो.

आणि हो, मोजायचं साइझिंगनंतर. आधी मोजून "बसतंय मापात" म्हणत बाजूला ठेवलेली केस डायमधून बाहेर येताना वाढलेली असते.

आता ट्रिमर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी बोलबाला असलेला प्रकार म्हणजे ली कंपनीचा गेज (लांबी ठरवणारी पिन) आणि लॉक स्टड (केसचं बूड धरणारा खुंटा). याला सेटिंग नावाचा भागच नाही, आणि मला वाटतं हाच त्याचा मोठेपणा. कटरच्या पुढे एक पोलादी पिन असते. ती केसच्या तोंडातून आत जाते, बुडाच्या फ्लॅश होलमधून (ठिणगी आत जायच्या छिद्रातून) बाहेर डोकावते आणि लॉक स्टडला टेकते. टेकली की कापणं आपोआप थांबतं. लांबी पिनमध्येच घडवलेली आहे, तुम्ही कितीही जोर लावा, केस आखूड होत नाही. माझ्या कॅलिपरवर यातून निघालेल्या केसेस एकमेकींपासून एक-दोन थाऊच्या पलीकडे गेल्या नाहीत. याहून कितीतरी महाग यंत्राकडून मला हे सहजासहजी मिळालं नाही, ते पुढे येईलच.

याच्या मर्यादाही सरळ आहेत. प्रत्येक कॅलिबरला वेगळा गेज लागतो. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आधी काढलेला हवा, नाहीतर पिन अडते. काही केसेसचं फ्लॅश होल नेहमीच्या २ मिमीऐवजी १.५ मिमीचं असतं, त्यांत पिन जबरदस्तीने घुसवू नका. आणि हाताने फिरवायचं म्हटलं तर पन्नासएक केसेसनंतर मनगट बोलायला लागतं. लॉक स्टड ड्रिलच्या चकमध्ये धरला तर मात्र काम झरझर होतं, शिवाय केस फिरतीच असल्यामुळे तिथल्या तिथे चॅम्फरचं (तोंडाची आतली कड तिरकी घासायचं) हत्यार तोंडाला लावता येतं. कॅलिबर एखाद-दुसरं आणि एका वेळच्या केसेस शंभराच्या आतल्या असतील, तर पुढचं न वाचता हेच घ्या.

दुसरा प्रकार लेथच्या धाटणीचा. एका बाजूला केसचं बूड पकडणारा कॉलेट, दुसऱ्या बाजूला हँडलवर फिरणारा कटर, आणि कटरच्या मध्यातून निघून नेकमध्ये शिरणारा पायलट. फॉर्स्टर, लायमन, रेडिंग, आरसीबीएस, हॉर्नडी असे बरेच जण या धाटणीचे ट्रिमर बनवतात. केस धरायची प्रत्येकाची तऱ्हा थोडी निराळी. माझा कुणाचा आहे ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार कॉलेटच्या पकडीबद्दल आहे, एका कंपनीबद्दल नाही.

दिसायला हे यंत्र देखणं. वजनदार, टेबलाला बोल्टने आवळायचं, कॉलरवर थाऊ-थाऊने हलणारं सेटिंग. सुरुवातीला वाटतं की अचूकता म्हणजे हीच. मग एक साधी चाचणी करा: एक केस कापा, कॉलेट सोडवून ती काढा, तीच केस पुन्हा बसवा आणि सेटिंगला हात न लावता हँडल फिरवा. कटर बऱ्याचदा पुन्हा पितळ काढतो. जी केस आत्ताच मापात कापली, तिच्यातूनच आणखी दोन-तीन थाऊ निघतात! कारण कॉलेट रिमला (बुडाच्या कडेला) धरतो आणि आवळताना केसला मागे ओढतो. किती ओढेल ते रिमच्या जाडीवर आणि तुमच्या हाताच्या जोरावर. त्यात सेमी-ऑटोमधून निघालेल्या केसेसच्या रिमवर एक्स्ट्रॅक्टरने (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) ओरबाडून उचललेली बर, म्हणजे धातूची उठलेली कड, असते. ती कॉलेटच्या तोंडात आली की केस किंचित तिरकी बसते आणि तोंड एका बाजूला उंच कापलं जातं.

यावर उपाय आहेत. रिमवरून बारीक फाईल एकदा फिरवायची. केस बसवताना बोटाने एकाच दिशेला दाबून धरायची आणि कॉलेट नेहमी तेवढ्याच जोराने आवळायचा. पहिली फेरी झाल्यावर केस अर्धा वळसा फिरवून हलकी दुसरी फेरी मारायची. हे सगळं केलं की फरक एका थाऊवर येतो. पण मग तासाला अमुक केसेस हा आकडा कुठे राहिला? विल्सनच्या धाटणीत केसला बुडाने न धरता अंगाला बसणाऱ्या निमुळत्या होल्डरमध्ये धरतात, त्यामुळे हा रिमचा घोळ मुळातच टळतो आणि पायलटही लागत नाही. घाई नसलेल्या, टारगेटवर छिद्राला छिद्र लावणाऱ्या लोकांचा तो लाडका ट्रिमर का आहे, हे मला कॉलेटशी झगडल्यावर कळलं.

पायलटबद्दल दोन ओळी. एक्स्पांडर (नेक आतून रुंद करणारा गोळा) न वापरता साइझ केलेल्या नेकमध्ये पायलट घट्ट जातो, पितळ त्याच्यावर चढतं आणि हँडल फिरवताना करकर असा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की थांबायचं. पायलट पुसून त्याला तेलाचा नुसता हात लावायचा. पायलट फार सैल असेल तर उलटी अडचण, कटर नेकच्या एका बाजूला झुकतो.

कॅलिबर बदललं की लेथचं सेटिंग मोडतं, मग पुन्हा कॅलिपर घेऊन बसा. यावर मी प्रत्येक कॅलिबरची एकेक नीट कापलेली केस डबीत ठेवलीये. ती यंत्रात बसवायची, कटर तिच्या तोंडाला टेकवायचा, कॉलर आवळायची. मिनिटभराचं काम.

तिसरा प्रकार खांद्यावर टेकणाऱ्या ट्रिमरचा. लिटल क्रो कंपनीचा डब्ल्यूएफटी ड्रिलवर चालतो, जिरॉ स्वतःच्या मोटरवर. तत्त्व एकच: केस हातात धरायची, तोंडाकडून बुशिंगमध्ये (केसच्या आकाराच्या पोकळ तुकड्यात) ढकलायची, खांदा टेकला की कापणं संपलं. कॉलेट नाही, पायलट नाही, एका केसला तीन-चार सेकंद. माझा आता बराचसा .२२३ याच धाटणीच्या यंत्रावर होतो.

यावर सगळ्यांचा एकच आक्षेप असतो: केस कमी-जास्त साइझ झाली असेल तर लांबीत फरक येतो. खरं आहे. साइझिंगमध्ये खांदा एका केसचा दोन थाऊ मागे गेला आणि दुसरीचा चार, तर कॅलिपरवर दोन थाऊचा फरक दिसणारच. पण कॅलिपर बुडापासून तोंडापर्यंत मोजतो, आणि चेंबरला त्या मापाशी फारसं देणंघेणं नाही. रिम बाहेर न आलेल्या, मान असलेल्या काडतुसात केस चेंबरमध्ये टेकते ती खांद्यावर. चेंबरची पुढची कडही त्या खांद्यापासूनच ठराविक अंतरावर असते. म्हणजे तोंड त्या कडेला रुतेल की नाही, हे ठरवणारं अंतर खांद्यापासून तोंडापर्यंतचं, आणि हा ट्रिमर नेमकं तेच सारखं ठेवतो. लेथ बुडापासूनचं माप सारखं ठेवतो, जे कॅलिपरवर छान दिसतं. मला तरी यात खांद्याची बाजू पटते. अर्थात कमाल लांबी ओलांडली का हे कॅलिपरनेच बघायचं, त्यात सूट नाही.

या यंत्राची खोड एकच, पण पक्की: कीस. बुशिंगमध्ये पितळाचा एक कण खांद्याखाली सापडला की केस पूर्ण आत जात नाही, लांब राहते आणि वर खांद्यावर टिकलीएवढा खड्डा पडतो. साइझिंगचं ल्यूब (वंगण) न पुसता केसेस घातल्या तर कीस त्या ल्यूबला चिकटून बुशिंग भरून टाकतो, मग दर दहा केसेसला ब्रश. ल्यूब आधी धुऊन, केसेस पूर्ण वाळवून मगच ट्रिमिंगला बसायचं हा माझा आता नियम आहे. बोटं दुखतात म्हणून हातमोजे घालायचा मोह होतो, तो टाळा. फिरत्या ड्रिलजवळ कापड नको.

आता तो दुसरा प्रश्न, उरलेल्या कामाचा. कापलेल्या तोंडाला आत-बाहेर बर राहते. आतून चॅम्फर केला नाही तर बुलेट बसवताना तिचं तांब्याचं आवरण खरवडतं. बाहेरून डीबर केलं (बर काढली) नाही तर केस चेंबरमध्ये खरखरत जाते. हाताच्या हत्याराने हे दोन्ही करायला कापण्याच्या दुप्पट वेळ सहज जातो. तीन सेकंदांत कापणारं यंत्र घेऊन पुढे प्रत्येक केसवर दहा-बारा सेकंद हत्यार फिरवत बसायचं असेल, तर त्या तीन सेकंदांचं कौतुक कशाला? म्हणून एका वेळी पुष्कळ केसेस करणाऱ्याने कापणं, चॅम्फर आणि डीबर एकाच फटक्यात करणारा कटर बघावा. जिरॉ हे मुळातच करतो, आणि फॉर्स्टरचा तीन-कामी कटर त्यांच्या लेथवर बसतो. त्यातलं पातं लावायला मात्र संयम हवा. ते जरा जास्त आत गेलं की केसचं तोंड सुरीच्या धारेसारखं होतं. कापलेल्या कडेवर नखाला जाणवेल इतकी सपाट पट्टी उरली पाहिजे. हाताने करणाऱ्यांनाही हेच लागू: बर गेली की थांबा, चकाकी येईपर्यंत घासू नका.

एक गोष्ट ट्रिमरने मला आपसूक दाखवली. एका लॉटमधल्या केसेस प्रत्येक फेरीला भराभर वाढत असतील, तर दोष बहुधा डायच्या सेटिंगमध्ये असतो. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातोय. तोंडाशी वाढणारं पितळ कुठून तरी येतं, आणि ते येतं बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून. ती भिंत पातळ होत जाते, बाहेरून तिथे उजळ कडं दिसू लागतं, आणि एक दिवस केस तिथेच तुटते. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून भिंतीवर ओढून बघा. खाच लागली तर ती केस भंगारात, ट्रिम करून वाचवायची नाही. बोल्ट रायफलसाठी खांदा दोनेक थाऊच मागे घ्यायला लागल्यापासून माझा .३०८ चा लॉट ट्रिमरकडे बराच उशिरा येतो.

किसाबद्दल आणखी थोडं. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे टेबलावर आणि टेबलाखाली ब्रशला पर्याय नाही. अनवाणी तर अजिबात फिरू नका. प्रत्येक केस उलटी करून ठोकायची, आत कीस राहता कामा नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. वापरलेल्या केसेसवर प्रायमरच्या शिशाची काजळी असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या कशालाही शिवायचं नाही.

कार्बाइड कटर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. माझा हायस्पीड स्टीलचा कटर इतक्या महिन्यांनंतरही पितळाची बारीक, वळलेली साल काढतो. साल जाऊन नुसती पूड पडायला लागली की धार गेली असं समजायचं. हजारोंनी केसेस करणारे नसाल तर कार्बाइडचे पैसे चांगल्या कॅलिपरवर घाला.

लेथ मी विकायला काढलेला नाही. मोजक्याच .३०८ करायच्या असल्या की ड्रिल बाहेर काढण्यापेक्षा तो बरा पडतो, आणि त्याच्यावर नेक टर्निंगची (नेकची भिंत बाहेरून एकसारखी जाडीची करायची) ॲटॅचमेंट बसते, जी खांद्यावाल्या यंत्रावर बसत नाही. .२२३ चं टोपलं भरलं की मात्र त्याच्याकडे बघतही नाही.