सेप्टिक लाईनच्या कॅमेरा तपासणीत आमचे 75 हजार गेले, तुम्ही सावध राहा

आमचं घर डिचोली तालुक्यात, गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण आई तिथे एकटी असते, मी नोकरीसाठी पणजीला. बाबांनी 1988 साली बांधलेलं चिऱ्याचं घर, वर नळ्यांची कौलं, पुढे आंगण, परसात विहीर. संडास-बाथरूमची लाईन आंगणाच्या कडेने चेंबरला येते, चेंबरमधून सेप्टिक टँकला आणि टँकमधून सोक पिटला, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याला. असली घरं गोव्यात हजारो आहेत, म्हणूनच लिहितोय, कारण ज्या माणसाने आम्हाला फसवलं तो अशीच जुनी घरं बघून फिरतोय.

2025ची चवथ 27 ऑगस्टला होती. त्याच्या वीसेक दिवस आधी आईचा फोन आला, "अरे संडासाचं पाणी हळू जातंय, गुडगुड आवाज येतो नि चेंबरकडे वास मारतोय." चवथीला आमच्याकडे पंधरा-सोळा माणसं, पाच दिवसांचा गणपती, मुंबईचे काका-काकी येणार, त्यामुळे तिला धसकाच बसला होता. तिने गावात चार ठिकाणी विचारलं असणार, त्यातून कुठून कळलं देव जाणे, पण दोन दिवसांनी एक माणूस दारात उभा. "काकी, बाजूच्या वाड्यावर काम करून आलो, पाइपात कॅमेरा घालून बघतो, बघायचे पैसे नाहीत."

त्याच्याकडे खरंच मशीन होतं, लोखंडी रिंगणात गुंडाळलेली पिवळी केबल, तिच्या टोकाला बोटाएवढा कॅमेरा आणि त्याच्याभोवती बारीक लाईट, शिवाय एक टॅब्लेट. आईला म्हणाला वास येईल, तुम्ही आत बसा. पंधरा मिनिटांनी आत येऊन त्याने टॅब्लेटवर व्हिडिओ दाखवला. तो व्हिडिओ मी नंतर शंभरदा बघितला असेन. तपकिरी पाइप, मध्येच सांधा सरकलेला, त्या फटीतून आत आलेली मुळं, अगदी विंचरून काढलेल्या केसांच्या गुंतवळासारखी, त्यात कागद अडकलेला आणि पुढे पाइपाला आडवी चीर. "माडाची मुळं घुसलीत काकी, लाईन पुरी गेली, घाण जमिनीत उतरते, विहीर किती लांब आहे?" त्या एका प्रश्नाने आई पुरती घाबरली. देवाच्या पूजेचं पाणी ती अजून विहिरीचं घेते.

तिने त्याला तो व्हिडिओ मला व्हॉट्सअ‍ॅप करायला लावला. मी ऑफिसात तो मोबाईलवर बघितला, दोन मिनिटांचा, आणि मला शंका म्हणून आली नाही कारण डोळ्याने दिसतंय ना समोर. पूर्ण लाईन बदलायचे 1 लाख 85 हजार, 75 हजार अ‍ॅडव्हान्स, चवथीच्या आत काम पूर्ण. मी त्याच दुपारी यूपीआयने पैसे पाठवले. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो आला, त्यावर नाव आणि मोबाईल नंबर, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही.

मंगळवारी चार पोरं आली आणि आंगण खणायला लागली. तुळशी वृंदावनाच्या अगदी मुळाशी चर नेला. गुरुवारी त्यातल्या एकाने टँकचं झाकण सरकवून आत शिडी लावली, वीस वर्षांचाही नसेल तो, पायात चप्पल. आई दारातून ओरडली म्हणून तो थांबला. आईला कायदा माहीत नाही, तिला एवढंच माहीत की टँकात उतरलेली माणसं मरतात. तिचं बरोबरच आहे, आतला गॅस आधी नाकच मारतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं आता ठीक आहे. कसलीही सोय न करता माणसाला टँकात उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. जो ठेकेदार स्वतःच्या पोरांना असा उतरवतो तो तुमच्या घराची काय काळजी घेणार, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. शुक्रवारी त्याचा मला फोन, मटेरियलला आणखी 50 हजार लगेच लागतील, नाहीतर काम थांबतं. मी म्हटलं शनिवारी येतो, बघतो आणि देतो.

शनिवारी सकाळी गेलो तर पोरं आलीच नव्हती. चरात गुडघाभर पावसाचं पाणी, बादलीने उपसलं आणि तळाशी हात घातला तर पाइप लागला. राखाडी, गुळगुळीत, चार इंची पीव्हीसी. मी मातीतून पुसून काढला, त्याच्यावर छापलेली अक्षरंसुद्धा अजून वाचता येत होती. कुठे चीर नाही, मूळ नाही. आणि व्हिडिओतला पाइप तर तपकिरी, चिनी मातीचा, चकचकीत लेप असलेला, जुन्या घरांत असतो तो, ज्याला दर दोन फुटांवर सांधा असतो आणि त्या सांध्याच्या सिमेंटमधूनच मुळं आत शिरतात. मी चरात उभा राहूनच मोबाईल काढला आणि परत व्हिडिओ लावला, आईला हाक मारली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाबांनी लाईन बदलली होती रे, मी ताईच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा." म्हणजे 2011. बाबांच्या डायरीत पान सापडलं, पेन्सिलने काढलेला नकाशा, चेंबर ते टँक 31 फूट, सगळा पीव्हीसी.

मग व्हिडिओच्या कोपऱ्यातले आकडे बघितले. या मशीनला मीटरचा काउंटर असतो, केबल जेवढी आत जाते तेवढा आकडा वाढतो. मुळं दिसतात तिथे आकडा 14.6. मी टेप लावला, आमच्या चेंबरपासून टँकच्या भिंतीपर्यंत 9.4 मीटर. 14.6 मीटरवर जायचं तर कॅमेरा टँक फोडून बाहेर पडायला हवा! आणि व्हिडिओ सुरूच होतो 6 मीटरपासून, आधीचा भाग कापलेला. तारीख कुठल्यातरी भलत्याच वर्षाची होती, पण तिच्यावर मी भर देत नाही, मशीनचं घड्याळ पुष्कळदा लावलेलंच नसतं, खऱ्या माणसाच्या मशीनमध्येही तारीख चुकीची असू शकते. आकडा आणि पाइपाचा रंग मात्र खोटं बोलत नाही.

फोन केला. आधी म्हणाला चुकून दुसऱ्याचा व्हिडिओ आला असेल, पण तुमच्या लाईनची हालत तीच आहे. मी म्हटलं ये आणि माझ्यासमोर कॅमेरा घाल. येतो म्हणाला आणि तेव्हापासून फोन बंद.

चवथीला दहा दिवस उरलेले. बाबांच्या वेळचे प्लंबर आहेत डिचोलीचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, आता काम करत नाहीत पण माझा फोन गेल्यावर स्कूटरवर बसून आले. चर बघून त्यांचे डोळे भरले, लाईन त्यांनीच घातली होती. त्यांनी टँकचं झाकण पहारीने उचललं, लांबूनच वाकून बघितलं. वर दुधावर साय धरावी तसा थर, पण जाड, काठी टोचली तर उभी राहिली, आणि पाणी बाहेर जाण्याचा टी, म्हणजे T आकाराचा पाइप, त्या थराने गच्च. टँक शेवटचा रिकामा केला 2016 साली, खरं तर दोन-तीन वर्षांनी करायला हवा. त्यात ऑगस्टचा पाऊस, जमीन भिजून चिंब, सोक पिट पाणी ओढणार कुठे, मग ते मागेच येणार. एवढंच होतं. टँकर आला, 3,500 रुपये, संध्याकाळपर्यंत पाणी सरळ जायला लागलं. मामांनी एक सांगितलं ते लिहून ठेवतो, कुणाकडे प्लास्टिक किंवा फायबरचा टँक असेल तर भर पावसात तो पूर्ण रिकामा करू नका, खालच्या पाण्याने तो वर उचलला जातो.

माझं तरी समाधान होईना, म्हणून ओळखीतून पणजीचा एक कॅमेरावाला बोलावला, 4,000 घेतले. फरक बघा. त्याने आधी लाईन पाण्याने धुतली, कारण साचलेल्या घाणीत कॅमेऱ्याला काही दिसतच नाही, लेन्सला चिकटलं की सगळं काळं. मग चेंबरच्या तोंडावर कॅमेरा धरून काउंटर शून्य केला, माझं आंगण, माझं चेंबर त्यातच रेकॉर्ड झालं आणि तिथून न थांबता आत. टॅब्लेट माझ्या हातात. 3 मीटरच्या आसपास पाणी वर चढत आलं, अर्धी लेन्स बुडाली, दोन हातभर तसंच गेलं आणि परत वर आली. त्या जागी गाडी लावतो आम्ही, पाइप थोडा बसलाय तिथे, पाणी साचतं. बाकी लाईन शेवटपर्यंत स्वच्छ. तो म्हणाला आत्ता खणायची गरज नाही, पावसाळा गेल्यावर तेवढाच तुकडा उचलून घ्या. खणून पैसे कमवायची संधी असताना त्याने ती घेतली नाही.

म्हणजे कॅमेरा वाईट नाही, जुनी लाईन असेल, घर विकत घेत असाल तर जरूर करून घ्या. पण केबल आत जाताना तिथे उभे राहा, वास येऊ दे, आईवडील एकटे असतील तर शेजाऱ्याला उभं करा. मोबाईलवर पाठवलेली क्लिप घेऊ नका, शून्यापासूनचं अख्खं रेकॉर्डिंग मागा, टेपने अंतर मोजा, कुठल्या वर्षी कुठला पाइप घातला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जो बघतो त्यालाच खणायचं काम देऊ नका. आणि विहिरीची भीती घातली तर हे लक्षात ठेवा की कॅमेऱ्याला पाइपाच्या आतलंच दिसतं, पाणी बाहेर जमिनीत जातं का ते त्याला कळत नाही. त्यासाठी लाईनचं खालचं तोंड बंद करून चेंबरपर्यंत पाणी भरायचं, भिंतीवर खूण करायची आणि अर्ध्या तासाने बघायचं. मामांनी आमच्याकडे तसंच केलं, पाणी खुणेवरच राहिलं, तेव्हा कुठे आई विहिरीवर गेली. विहिरीचं पाणी तपासायला देता येतं तेही आम्ही केलं.

पैसे परत आलेले नाहीत. पोलिसांत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आणि ग्राहक आयोगात केस टाकायची तयारी चालू आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पण समन्स पाठवायला त्या माणसाचा पत्ता लागतो आणि तो आमच्याकडे नाही.

म्हणून विनंती आहे. पिवळी केबल, टॅब्लेटच्या काचेला खालच्या कोपऱ्यात तडा, चाळिशीचा माणूस, गोड बोलणारा, बायकांना आत बसा म्हणणारा. डिचोली, सत्तरी, बार्देशकडे असा कुणी आला असेल आणि तुमचे पैसे गेले असतील तर त्याने पाठवलेली क्लिप डिलीट करू नका, यूपीआयची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. तपकिरी पाइप, 14.6 मीटर, केसांसारखी मुळं, तीच क्लिप तुमच्याकडेही असेल तर आपण एकत्र तक्रार करू.