कोबे: कितानोची टेकडी की मेरिकेन पार्क?

जपानमधील कोबे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापारासाठी खुले झाल्यानंतर व्यापाऱ्यांनी कितानोच्या चढावर बांधलेली पाश्चात्त्य धाटणीची घरे आजही पाहता येतात. मात्र अनेक घरांना वेगवेगळे तिकीट पडते आणि चढही दमवतो. भारतीय पर्यटकांनी तिथले जैन मंदिर आवर्जून पाहावे.

एकाच ठिकाणापुरता वेळ असेल, तर मी बंदरावरचे सपाट, मोकळे मेरिकेन पार्क सुचवेन. तिथल्या १०८ मीटर उंच लाल मनोऱ्यापेक्षाही मोलाचा आहे तो १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात खचलेला आणि जसाच्या तसा जपलेला बंदराच्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा भाग, जिथे कललेले दिव्याचे खांब आणि दुभंगून पाण्यात झुकलेले काँक्रीट अगदी जवळून दिसते.