मॉड्यूल बदला म्हणाले, निघाली वायर: इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटचे चौदा महिने

हा रिव्ह्यू मी सहाव्या महिन्यात लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं. बाराव्या महिन्यात लिहायला घेतला तेव्हा नुसत्या शिव्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या माणसाला, म्हणजे चुकीच्या डब्याला. त्या दोन-तीन परिच्छेदांपुरत्या खाली तशाच ठेवल्यात, कारण राग खरा होता.

सेट नेहमीचाच. ड्रमचे सगळे पॅड मेशचे, म्हणजे ताणलेल्या जाळीचे. स्नेअर दोन झोनचा, म्हणजे मधलं हेड आणि कडेची रिम वेगवेगळी वाजतात. तीन टॉम, किक, हाय-हॅट, क्रॅश, राइड. सगळ्या पॅडच्या वायरी एका जाड केबलमध्ये एकत्र येतात आणि 25 पिनांच्या एकाच प्लगने मॉड्यूलच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याच्या, पोटात जातात. या जाड केबललाच हार्नेस म्हणतात. शिवाय बाजूला टॉम 4 आणि क्रॅश 2 साठी दोन सुट्टी जॅक. ही दोन जॅक लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच वाचवलं.

अकराव्या महिन्यात स्नेअरची रिम मधूनच गप्प व्हायला लागली. रिमशॉट, म्हणजे हेड आणि रिमवर एकदम काठी, मारावा आणि नुसता हेडचा आवाज यावा. मी दुर्लक्ष केलं, वाटलं आपलाच हात चुकतोय. बाराव्या महिन्यात उलटं सुरू झालं: काठी हवेत, आणि रिम आपलीआप ‘टक्’. हळू वाजवताना मधेच टक् टक्, जणू शेजारी बसून कुणीतरी मला ताल चुकल्याचं दाखवतंय. तक्रार करायला गेलो तर वॉरंटी संपून नऊ दिवस झाले होते. हे नऊ दिवस मला अजून आठवतात.

सर्व्हिसवाल्यांचा पहिला प्रश्न: “सर, फॅक्टरी रिसेट केलंत का?” केलं. माझी तीन किट्सची सेटिंग पुसली गेली, टक् तशीच. दुसऱ्या फोनवर दुसरा माणूस, तोच प्रश्न. तिसऱ्यांदा रिसेट केल्याचा व्हिडिओ मागितला. तो पाठवला, तर चार दिवसांनी निकाल आला: “मॉड्यूलचा ट्रिगर इनपुट गेलाय. मॉड्यूल बदलावं लागेल.” मॉड्यूलची किंमत म्हणजे जवळपास अर्धा सेट. मी बसमध्ये दोन स्टॉप आधी उतरून चालत जाणारा माणूस. मी फोन ठेवला आणि पेचकस काढला.

इथे माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. स्नेअर पॅड हार्नेसमधून काढून टॉम 4 च्या सुट्ट्या जॅकला लावून बघायचं ठरवलं. घरात गिटारची जुनी केबल होती, तीच लावली. रिम पूर्ण मेलेली. म्हटलं, सापडलं, पॅडच गेलंय. पॅड उघडलं. मेश काढली की खाली फोमचा एक शंकू, आणि त्याखाली दोन-अडीच सेंटिमीटरची पितळी चकती. हाच पिएझो. चकती किंचित वाकली की तिच्यावरच्या सिरॅमिकमध्ये व्होल्टेज तयार होतं, आणि मॉड्यूल तेवढं वाचून ठरवतं की तुम्ही किती जोरात मारलंत. क्युरी बंधूंनी 1880 साली शोधलेला गुण, आणि एवढ्या महागड्या पॅडच्या आत तो एवढ्याशा चकतीत. थोडं फसवल्यासारखं वाटलं, खरं सांगतो. रिमसाठी कडेला दुसरी तशीच चकती. दोन्हींचे टाके ठणठणीत, कुठे तडा नाही.

दोन दिवस चकतीकडे बघत बसल्यावर नजर केबलच्या प्लगवर गेली. गिटारच्या प्लगवर काळी रेघ एकच असते. ड्रमच्या प्लगवर दोन. दोन रेघांमधला जो तुकडा, त्याला रिंग म्हणतात, आणि रिमचा सिग्नल त्यावरूनच जातो. एका रेघेची, म्हणजे मोनो केबल लावली की तो तुकडा सरळ अर्थिंगला चिकटतो. म्हणजे रिम मी स्वतःच मारली होती. दोन रेघांची केबल लावली आणि रिम खणखणीत वाजली. पॅड निर्दोष.

आता उरले दोघे: हार्नेस आणि मॉड्यूल. स्नेअर पॅड टॉम 4 वरच ठेवला आणि हार्नेसची स्नेअरची तार टॉम 1 च्या पॅडला लावली. तोही दोन झोनचा आहे. मॉड्यूल कॉम्प्युटरला यूएसबीने जोडून मिडी मॉनिटर उघडला, म्हणजे प्रत्येक ठोका आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम. माझ्या सेटमध्ये स्नेअरचं हेड म्हणजे नोट 38 आणि रिम म्हणजे 40. काठ्या खाली ठेवल्या, पॅडला हातही न लावता फक्त केबल चिमटीत धरून हलवली. पडद्यावर 40, वेग (म्हणजे ठोक्याचा जोर) 9. परत हलवली: 40, वेग 14. मग 31. कुणी वाजवत नसताना रिम वाजत होती. त्याचाही व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की कॉम्प्युटरला जोडून केलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही.

(इथपर्यंतचं तेव्हा लिहून ठेवलं होतं, शेवटी मॉड्यूलला रेटिंगचा एकच तारा देऊन. पुढचं नंतरचं.)

मॉड्यूलचा तारा परत घेतो, म्हणजे वाढवतो. मल्टिमीटर आणला, शेजारच्या मुलाचा, उसना. कंटिन्युइटीवर ठेवला, एक टोक स्नेअरच्या प्लगच्या रिंगवर, दुसऱ्या टोकाने त्या 25 पिनांमध्ये शोधत गेलो. एका पिनेवर बीप आली. प्लगजवळची केबल अंगठ्याने वाकवली, बीप बंद. सरळ केली, चालू. प्लगपासून बोटभर अंतरावर, जिथे रबराची मान संपते नेमकं तिथेच, आतली तार तुटून तिची दोन टोकं एकमेकांना टेकून बसली होती. हात लागला की सुटे, परत चिकटे, आणि त्या प्रत्येक चिकटण्याला मॉड्यूल बिचारं ‘कुणीतरी हळूच रिम मारली’ असं समजत होतं. ऐकू आलं ते वाजवलं, त्याचा काय दोष?

आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. ही हार्नेस कुणी बनवली? प्रत्येक फाटा इंचाइंचाने मोजून कापलाय. रॅकवरचे टॉम जागेवर असतात, त्यांचं ठीक. पण स्नेअर गुडघ्यांच्या मधे येतो, उंची बदलते, कोन बदलतो. माझ्या बैठकीला स्नेअर हवा तिथे आणला की त्याची केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. त्यावर त्यांनीच खोक्यात दिलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी मी ती रॅकला करकचून बांधलेली, नीटनेटकं दिसावं म्हणून. प्रत्येक ठोक्याला पॅड हलणार, केबल हलू शकणार नाही, सगळा ताण त्या बोटभर जागेत. वर्षभर टिकली हेच नवल. अजून वीतभर तार दिली असती तर कंपनीचं असं काय बुडणार होतं? आणि एक फाटा गेला की सुटा मिळत नाही, अख्खी हार्नेस घ्या. चौकशी केली, ती जवळपास एका नव्या टॉम पॅडच्या भावात.

घेतली नाही. केबल तुटलेल्या जागेच्या अलीकडे कापली. आत लाल, पांढरी आणि भोवती उघड्या तारांची जाळी. जाळी अर्थिंगची. नवा दोन रेघांचा प्लग सोल्डर केला, पॅडला लावला, हेडवर मारलं: रिमचा आवाज. रिमवर मारलं: हेड. लाल-पांढरी उलटी लागली होती. हेड नेहमी प्लगच्या टोकावर, रिम रिंगवर. परत उकललं, परत डाग दिला. दुसऱ्या खेपेला 38 ला 38, 40 ला 40. केबल कितीही हलवली तरी मॉनिटर रिकामा.

दुसरी एक कटकट थोडक्यात. किक जोरात मारली की क्रॅश आपोआप वाजायचा. मी मेनूत जाऊन क्रॉसटॉकचा, म्हणजे एका पॅडचा कंप दुसऱ्यात वाजू न देणारा, आकडा वाढवत नेला. भूत गेलं, पण किक आणि क्रॅश मुद्दाम एकत्र मारले की क्रॅश गिळला जायला लागला, कारण मॉड्यूल आता तोही कंपच समजत होतं. थ्रेशोल्ड, म्हणजे किमान किती जोराचा ठोका मोजायचा ती मर्यादा, चढवून बघितला तर हलके ठोके गेले. शेवटी बघतो तर किकचा स्टँड रॅकच्या पायाला टेकलेला आणि क्रॅशच्या दांड्याचा क्लॅम्प ढिला. चार बोटं अंतर सोडलं, क्लॅम्प आवळला, सेटिंग मूळ आकड्यावर आणलं. मेनूला हात लावायच्या आधी पाना घ्या.

वायरलेस हेडफोनवर वाजवायचा हट्ट करू नका. मी केला. ब्लूटूथमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, आणि मिनिटाला 120 च्या लयीत एका मात्रेत चार ठोके मारले तर पुढचा ठोका 125 मिलिसेकंदांवर येतो. म्हणजे आवाज पुढच्या ठोक्याच्याही मागून. तारेचा हेडफोन लावला आणि माझा हात अचानक सुधारला. लॅपटॉप चार्जरवर असताना येणारी घरघर मात्र अजून आहे. चार्जर काढतो, संपलं.

मेशबद्दल तक्रार नाही. चौदा महिन्यांत स्नेअरची मेश दोनदा ताणून घेतली एवढंच. ढिली पडली की एका ठोक्याचे दोन वाजतात. मॉड्यूलचे आवाज ठीक, राइडची बेल जरा पत्र्याच्या डब्यासारखी. तेवढं चालतं.

प्लग बदलताना केबल बोटभर आखूड झाली होती, म्हणजे आधीच तोकडी, त्यात अजून. म्हणून मधे दीड फुटाची तार जोडली, आणि स्नेअरची वेल्क्रो पट्टी काढून टाकली. बाकीच्या फाट्यांच्याही सगळ्या सैल केल्या. सेट आता मागून बघवत नाही. पण स्नेअर मला हवा तिथे, बरोबर दोन गुडघ्यांच्या मधे बसलाय. सेट घेतल्यापासून पहिल्यांदा.